बोरीजवळचा खड्डा

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई मला रोज दुपारी एकच प्रश्न विचारायच्या. "कुठवर आलं गं?"

मी पांढरीवर खोदकामाच्या माणसांना जेवणाचे डबे पोचवून यायची. उन्हातून आलेली, घशाला कोरड पडलेली. पाणी पी म्हणणं नाही, बस म्हणणं नाही. चप्पल काढायच्या आत प्रश्न हजर. आणि मीही सरळ उत्तर द्यावं तर ती मी कसली? "कुठवर म्हंजी? पाताळाला लागलं. शेषनागानं निरोप दिलाय तुमाला." एरवी एवढ्यावर मला चार शब्द ऐकावे लागले असते. त्या दिवसांत त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा विचारायच्या, "न्हाय, पर बोरीकडं सरकलेत का?"

आमचं गाव कऱ्हेच्या काठी, कऱ्हाटीच्या पलीकडं. नदीच्या वळणावर एक टेकाड आहे, त्याला पांढर म्हणतात. गाव उठून गेलं की मागं पांढरच उरते. मातीच्या भिंती पडतात, चुलींची राख, शेण, चुना सगळं एकात एक मिसळतं आणि जमीन पांढुरकी होते. चार-पाच पिढ्यांमागं कऱ्हेनं दोन-तीनदा घरात पाणी घातलं, तेव्हा लोक कंटाळून वर, आता आहे त्या जागी आले. खाली राहिली घरांची जोती, एक बुजलेली विहीर आणि फुटकी जाती. त्याच्याही खाली आणखी जुनं गाव आहे, इतकं जुनं की तेव्हा लोखंडही नव्हतं, असं शिकलेली माणसं सांगतात.

सरकारनं पांढरीला तारेचं कुंपण घातलं आणि दारात फलक लावला. तेव्हापासून तिथं शेरडं चारायची नाहीत, दगड हलवायचा नाही, माती उचलायची नाही. याआधी गावानं तिथली माती गाड्या भरभरून उसाला नेली होती, कारण पांढरीच्या मातीवर ऊस चांगला फोफावतो. तेव्हा गावात कुरकुर झालीच. "मेलेल्या गावाला राखण, आन् जित्या गावाला रस्ता न्हाय," असं पारावर बरेच दिवस चाललं होतं.

दिवाळीनंतर खोदकामाची मंडळी आली. त्यांच्या प्रमुख एक म्याडम होत्या, पुण्याच्या, माझ्यापेक्षा वयानं लहानच. सगळ्यांच्या जेवणाचं काम आमच्या घराकडं आलं. भाकरी थापायला आत्या आणि भाजी-कालवणाला मी. सासूबाईंना मी आत्या म्हणायची, आमच्याकडं तसंच म्हणतात. आत्यांची भाकरी पातळ आणि गोल, त्यात खोट काढायला जागा नाही. पण भाजी चिरायला त्या बसायच्या नाहीत. विळीला त्यांनी हात लावलेला मी लग्नापासून पाहिला नव्हता. सासरे होते तोवर तेच सकाळी पडवीत बसून भाजी चिरून द्यायचे. आमच्या भागात बाप्या माणूस विळीवर बसला तर गाव हसतं, पण आबांनी कधी कुणाची पर्वा केली नाही. नवी नवरी असताना मला त्याचं फार कौतुक वाटायचं. कळसला माहेरी गेले की मी सांगायची, आमच्या मामंजींसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. आबा गेल्यावर विळी माझ्याकडं आली.

माझं तोंड जरा सैल आहे. आम्ही कळसची माणसं आडपडदा ठेवत नाही, असं मी म्हणायची. त्यावर आत्या म्हणायच्या, "कळसला पडदा इकायलाच येत न्हाय." आमचं असं चालायचं. भांडणं व्हायची, पण अबोला कधी झाला नाही, कारण दोघींनाही गप्प बसवत नसे.

आत्या पांढरीवर मात्र कधी जायच्या नाहीत. आमच्या मळ्याला पांढरीच्या कडेनं जवळची वाट आहे. त्या डोक्यावर ओझं असलं तरी ओढ्याकडून मोठा वळसा घेऊन यायच्या. मला वाटायचं, भुताखेताचं भ्या असेल. मी चिडवायचीसुद्धा, "आत्या, भुतंच तुमाला बघून पळत्याल." त्या हसायच्या नाहीत, पण मला ते तेव्हा लक्षात आलं नाही.

एका बाजारच्या दिवशी काम बंद होतं म्हणून म्याडम आमच्याकडंच जेवायला आल्या. आदल्या दिवशी त्यांना एका घराच्या जमिनीखाली दोन मडकी सापडली होती, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत लहान मुलाची हाडं होती. त्यांनी मोबाईलमधले फोटो दाखवले. "तेव्हाचे लोक लहान मूल गेलं की घरातच पुरायचे," त्या म्हणाल्या. "आईपासून लांब जाऊ नये म्हणून असेल कदाचित. हे मूल साधारण सहा महिन्यांचं होतं, दात यायला लागले होते."

आत्या परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हाडावरनं कळतं व्हय येवढं?"

"बरंच कळतं, आजी."

"हातपाय धड हुते का न्हवते, त्ये बी?"

"ते तर कळतंच."

आत्या उठल्या. हाताला पीठ तसंच, परात तशीच, आणि त्या मागच्या दारानं गोठ्याकडं गेल्या. भाकरी मी केल्या. माझ्या भाकरीची कड फाटते, म्याडमनी तशीच खाल्ली. संध्याकाळी आत्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नुसत्या चहावर होत्या. तेव्हा मी मळ्यात गेले आणि नवऱ्याला उसाच्या बांधावर गाठलं. तुमच्या आईला काय झालंय ते सांगा, नाहीतर मी त्यांनाच विचारते, म्हटलं.

त्यानं आधी पाणी बघितलं, मग दारं मोडून ते दुसऱ्या सरीत सोडलं, मग नाइलाजानं बोलला. "आईचं पयलं लेकरू. माझ्या आधीचं. जलमलं आन् गेलं. आबांनी पांढरीवर बोरीखाली पुरलं. तवा समदी तितंच पुरायची, कुणाची जमीन न्हवती ती. मला आज्जीनं सांगितलं हुतं. तू इचारू नको तिला."

माझ्या अंगाची लाही झाली. इतकी वर्षं या घरात राबले, आणि मला हे बांधावर उभं राहून कळावं! पण रागापेक्षा भीती मोठी होती. कुंपण घालताना बोर तोडली होती, तिचा बुंधा तेवढा राहिला होता. आणि आजच मी डबे द्यायला गेले तेव्हा बुंध्याच्या अलीकडं चार खुंट्या ठोकून दोरी बांधलेली होती. म्याडम म्हणाल्या होत्या, उद्या इकडं सुरू करू. म्हणजे उद्या माझ्या सासूच्या लेकराला कुदळ लागणार. मग त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चिठ्ठी लावून पुण्याला नेणार.

"मी म्याडमला सांगते, तितं खणू नका," मी म्हटलं.

"सांगशील आन् पोलीस आणशील दारात. गावात तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाय."

तिथंच आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी तरातरा घरी आले आणि आत्यांपुढं उभी राहिले. "आत्या, मला समदं कळलंय. मी जाते आन् त्यांना थांबवते."

आत्यांनी माझं मनगट धरलं. भाकरी थापून थापून त्यांच्या हातात भारी जोर होता. "तू जायचं न्हाय."

"का पर?"

"न्हाय म्हणलं न्हवं!" मी रागानं हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते. आत्या आतून आल्या त्या ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून. बाहेर पडल्या आणि पांढरीच्या वाटेला लागल्या. वळसा नाही, थेट जवळच्या वाटेनं. मी गॅस बंद केला, नवऱ्याला फोन केला आणि पळत सुटले. ऊसतोडीच्या गाड्या आडव्या आलेल्या, धुरळा उडालेला, आणि त्यातून आत्या पुढं चाललेल्या. मला वाटलं, ही बाई आता त्या चौकोनात आडवी पडणार. मग सगळं गाव गोळा होणार.

कुंपणाच्या दारातला राखणदार काही विचारेपर्यंत त्या आत गेल्या होत्या. जोत्यांच्या मधून चालत त्या बोरीच्या बुंध्यापाशी थांबल्या. म्याडम तिथं टेप लावून माप घेत होत्या.

"म्याडम, हितं माझं लेकरू हाय," आत्या म्हणाल्या.

सगळ्यांचे हात थांबले. मी धापा टाकत पोचले. आता आत्या हात जोडतील आणि याला उठवू नका म्हणतील, म्हणून मी त्यांच्या मागं उभी राहिले. बोलायची वेळ आलीच तर मी दोन शब्द जास्त बोलणार होते.

"काढा त्याला," आत्या म्हणाल्या. "पर मी हितं बसणार. मला बघायचंय."

मग त्या दोरीच्या कडेला मातीत बसल्या आणि त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. पोटात लेकरू असताना गिऱ्हान लागलं होतं. गिऱ्हानात गरवार बाईनं काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचंसुद्धा नाही. चिरलं तर पोटातल्या लेकराचं अंग तुटतं, असं आमच्याकडं म्हणतात. आत्यांचं वय तेव्हा जेमतेम अठरा असेल. वेध लागल्यापासून पोटात अन्न नाही, सासू नदीवर गेलेली. भूक आवरली नाही. त्यांनी विळी घेतली, काकडीसारखं एक वाळूक चिरलं आणि मिठाला लावून खाल्लं. सासूनं येऊन सालं बघितली.

"दीस भरलं आन् लेकरू झालं. रडल्यालं बी मी ऐकलं. मंग रडायचं थांबलं. सासू म्हणली, डावा हात मनगटापासनं न्हाय. तू चिरल्यास तसा. सुईण बी व्हय म्हणली. म्हणली बघू नको, बघशील तर फुडचं बी तसंच हुईल. ह्येच्या बानं एकल्यानं नेलं आन् हितं ठेवलं. मी न्हाय बघितलं." त्यांनी म्याडमकडं बघितलं. "तुमाला हाडावरनं कळतं म्हणला. मला बगून सांगा, हात हाय का न्हाय."

नवरा तोवर येऊन मागं उभा होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं, त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. माझ्या मात्र डोळ्यांपुढून ती पडवीतली विळी हलेना. एवढ्या वर्षांत मी किती टोमणे मारले होते, सासू झाल्यावर विळी सुटते म्हणून.

म्याडमनी हातातला टेप गुंडाळला आणि म्हणाल्या, "आजी, अलीकडची हाडं असतील तर मला नियमानं कळवावं लागतं. मला दोन दिवस द्या."

ते दोन दिवस मला आजही नको वाटतात. म्याडमचे वरिष्ठांशी फोन झाले. गावचे पोलीसपाटील येऊन गेले. ते वयानं मोठे, त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "त्या काळात गावातली निम्मी लेकरं हितंच हायती. त्यात गुन्हा कसला? काय लिवायचं ते लिवा, मी सही करतो." त्यांच्यासमोर उघडायचं, बघायचं, चित्र काढायचं आणि होतं तसं झाकायचं, असं ठरलं.

ते ठरलं, पण घरात कुणाला चैन नव्हतं. नवरा गोठ्यात मला म्हणाला, "आन् खरंच नसला हात, तर? मंग ती जगंल का?" हाच विचार माझ्या मनात घोळत होता. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी ते कसंतरी सोसलं, कारण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. कुठंतरी सासू खोटं बोलली असेल अशी आशा असणार. उद्या ती आशाही जाणार. मी देवापुढं उभी राहून म्हटलं, काही सापडूच देऊ नकोस. कोल्ह्यांनी नेलं असेल तर बरंच झालं. असं मागणं मी जन्मात मागितलं नव्हतं.

मग मी म्याडमना एकटं गाठलं. "हात नसला तर हाय म्हणून सांगा. त्यांना काय कळतंय त्यातलं? तुमच्या पाया पडते."

म्याडम म्हणाल्या, "मी खोटं सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका. आधी लोकांनी सांगितलं ते पुरे झालं." मला त्यांचा इतका राग आला की त्या संध्याकाळच्या आमटीत मी मीठ घातलंच नाही.

खणायच्या दिवशी आत्या सकाळीच जाऊन बसल्या. वर गोणपाट धरलं होतं, सावलीपुरतं. कुदळ नाहीच, लहान खुरपी आणि ब्रश. माती बोटाएवढी निघायची, चाळणीत जायची, पुन्हा बोटाएवढी. आधी बोरीची मुळं लागली, मग एक चपटा दगड. दगड उचलला तेव्हा आत्यांनी माझा हात धरला. खाली माती, आणि मातीत एक गुलाबी कोपरा. म्याडमनी ब्रश फिरवला तशी त्यावर बारीक पांढरी फुलं दिसायला लागली. आजूबाजूला हजारो वर्षांची खापरं, आणि त्यात हे नायलॉनचं फडकं. त्याचा रंगसुद्धा फारसा गेला नव्हता.

"माझं पातळ हाय," आत्या म्हणाल्या. "मीच फाडून दिलं हुतं."

फडकं अलगद बाजूला झालं. हाडं इतकी लहान होती की मी आधी ओळखलीच नाहीत, मला काटक्या वाटल्या. डोक्याच्या हाडाच्या पातळ पाकळ्या, फासळ्या, दोन्ही पाय. उजवा हात वर होता. त्याची बोटं तांदळाच्या दाण्यांसारखी मातीत विखुरलेली, म्याडमनी एकेक दाखवली. डावा हात दिसत नव्हता. लेकराला डाव्या कुशीवर ठेवलं होतं, हात अंगाखाली गेला होता. म्हणजे अंगाची हाडं आधी काढून, मांडून ठेवून, मग खालची माती.

दुपार झाली. सकाळीच आणलेले डबे कुणी उघडले नाहीत. पोलीसपाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्याडम पोटावर आडव्या झाल्या होत्या, हातात बांबूची बारीक काडी. दंडाचं हाड निघालं. मग कोपराखालची दोन. ती मनगटापाशी संपली आणि पुढं पांढऱ्या मातीचं नुसतं ढेकूळ होतं. म्याडम थांबल्या. त्यांनी घाम पुसला. मी आत्यांकडं बघितलं नाही, मला बघवलंच नाही. नवरा पाठ करून उभा राहिला.

म्याडमनी ते ढेकूळ काडीनं थोडं थोडं सैल केलं. एक दाणा सुटला. त्यांनी तो काळ्या कागदावर ठेवला. मग दुसरा. मग दोन एकदम. कागदावर ते दाणे एका ओळीत लागायला लागले, पहिल्या ओळीशेजारी दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. मूठ मिटलेली होती. सगळी बोटं आत दुमडून मातीत घट्ट बसली होती.

"आजी," म्याडम म्हणाल्या, "हात आहे. पूर्ण आहे. हा बघा अंगठा."

मला रडू फुटलं. नवऱ्यानं तोंडावर टॉवेल धरला. पोलीसपाटील "पांडुरंगा, पांडुरंगा" करत राहिले. एवढा आनंद मला माझ्या लेकराच्या बारशालासुद्धा झाला नसेल. मी आत्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "आत्या, ऐकलं का? तुमी काय बी केलं न्हवतं. काय बी न्हाय."

आत्या कागदाकडं बघत होत्या. "आणिक काय कमी हाय का?"

"काहीच नाही. सगळं जागेवर आहे."

"पुन्यांदा बगा."

म्याडमनी पुन्हा पहिल्यापासून सगळं बघितलं, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, एकेक हाड दाखवत. आम्ही सगळे थांबलो. "सगळं आहे, आजी. मूल धड होतं."

आत्यांनी नुसती मान हलवली. त्या रडतील म्हणून मी पदर पुढं केला होता, तो तसाच राहिला. त्यांनी फडक्यावरची माती झटकली, त्याची घडी उलगडून हातानं सारखी केली. मग मान वळवून माझ्या नवऱ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा बघून मी त्यांच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"सासूनं खोटं सांगितलं, सुईणीनं तिच्या भ्यानं व्हय म्हणलं. त्या दोघींचं कळलं मला," त्या म्हणाल्या. "पर ह्यात गुंडाळलं तुझ्या बानं. त्यानं तर बघितलं हुतं."